एका ताटातले दोन घास : आमच्या ग्रामसभेला खुले पत्र

सरपंचताई, उपसरपंच भाऊ, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य आणि ग्रामसभेत बसणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

परवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर येत्या ग्रामसभेची नोटीस लागली. संध्याकाळी तीच गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. विषय क्रमांक चार असा आहे : ‘गावाच्या पश्चिमेकडील पडीक ई-क्लास जमिनीवर वृक्षलागवड करणे व उर्वरित जागेच्या अन्य वापराबाबत विचार करणे.’ ई-क्लास म्हणजे आपल्याकडे गावच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. मी नोटीस दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा ‘पडीक’ या शब्दापाशी अडखळले. त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहिते आहे. ग्रामसभेत आम्हा बायकांची बोलायची पाळी येईपर्यंत अर्धी माणसं उठून गेलेली असतात, म्हणून आधीच लिहून ठेवते. आणि ही गोष्ट आपल्या एकट्या गावाची नाही. कारंजा तालुक्यात, वाशीम जिल्ह्यात, सगळ्या वऱ्हाडात अशाच जमिनी आहेत आणि त्यांना हाच शब्द लावला जातो, म्हणून पत्र सगळ्यांना वाचता येईल असं ठेवते आहे.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम त्या जमिनीवर जाऊन आले. दव उतरलं नव्हतं. लुगडं पोटरीपर्यंत ओलं झालं. पवन्या गवत मांडीला लागत होतं आणि त्याच्या काड्यांवर तांबूस झाक यायला लागली होती. मारवेल गवत ओळखायची सोपी खूण आमच्या सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी दाखवली होती : काडी हातात घ्या आणि पेऱ्यापाशी बघा, पांढऱ्या बारीक केसांचं कडं दिसतं, जणू लहान लेकराच्या पायातला वाळा. कुसळ नावाचं गवत फुलून आलं होतं. त्याची काळपट कुसळं वाऱ्यानं एकमेकांत गुंतून वेणी घातल्यासारखी झाली होती. हे कुसळ ओलं झालं की आपोआप पिळा देत फिरतं आणि बियाणं मातीत रोवतं. पेरायला ना तिफण लागते, ना माणूस. खाली पायवाटेच्या कडेनं हरळी होती. तीच हरळी, जिच्या एकवीस दुर्वांची जुडी आपण महिनाभरापूर्वी गणपतीला वाहिली.

चाळीस एकरांत इतकं उगवलेलं असताना त्या जमिनीला पडीक कसं म्हणायचं? दरवर्षी पिकते, कुणी न पेरता पिकते, खताची गोणी मागत नाही, कर्ज मागत नाही. फक्त तिचं पीक बाजार समितीत जात नाही, म्हणून ते कागदावर दिसत नाही.

झाडांना माझा विरोध नाही. माझ्या दारात मी स्वतः लावलेला कडुनिंब आहे. पण ही बरड जमीन आहे. वीतभर मातीखाली मुरूम लागतो. मागे एकदा तिथे खड्डे खणून रोपं लावली होती, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. खड्डे अजून आहेत, आणि खड्ड्यांभोवती जिथे जिथे गवताची सड खरवडली गेली, तिथे आज गाजरगवत माजलं आहे. त्याच्या नावात गवत आहे, पण ते गवत नव्हे. सूर्यफुलाच्या कुळातलं, बाहेरून आलेलं तण आहे. ढोर त्याला तोंड लावत नाही आणि खुरपताना आपल्या अंगाला खाज सुटते. म्हणजे खाण्यासारखं होतं ते आपण काढलं आणि न खाण्यासारखं बोलावून घेतलं. बोर, पळस, हिवर तिथे आपापल्या जागी आहेतच. जेवढी झाडं त्या मातीला पेलतात तेवढी तिनं स्वतः ठेवली आहेत.

आपल्याच तालुक्यात कारंजा-सोहोळचं अभयारण्य आहे, काळविटांसाठी राखलेलं. तिथे राखलंय काय, तर मुख्यतः गवत. मेळघाटातही जी गावं पुनर्वसनात बाहेर आली, त्यांच्या जागी वनविभागानं गवताची कुरणं वाढवली. तणमोरासारखा पक्षी तर गवत असेल तरच अंडी घालतो, त्याच्या नावातच तण आहे. काळविटाला, गव्याला, पाखराला गवत लागतं हे सरकारला पटलं आहे. आपल्या गायीलाही तेच लागतं, एवढं आपण आपल्या ग्रामसभेत म्हणायला काय हरकत आहे?

आता थोडं घरातलं सांगते, कारण माझं म्हणणं चाळीस एकरांपुरतं नाही.

मराठीत ताट म्हणजे जेवायचं ताट आणि ताट म्हणजे ज्वारीचा उभा धांडाही. हा शब्द कुठून कसा आला ते भाषेच्या जाणकारांनी सांगावं, पण मला त्यात मोठा अर्थ दिसतो. ज्वारीचं एक ताट कापलं की कणीस आपल्याकडे येतं आणि धांडा गोठ्यात जातो. आपल्या पोटाला धांडा पचत नाही. गायीच्या पोटात त्यासाठी वेगळा कप्पा आहे, त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि ते त्या कडक काडीचं अन्न करून तिला देतात. त्या काडीचं दूध होतं, शेण होतं, बैलाच्या खांद्यातलं बळ होतं. आमच्या सासूबाई आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्या म्हणतात, “जवारी म्हंजे दोन पोटाचं पीक हाय बाई. वरचं मानसाचं, खालचं ढोराचं.”

आणि ज्वारी गवतच आहे. गहू, तांदूळ, बाजरी, मका, ऊस, उपासाची भगर, सगळी एकाच गवताच्या कुळातली. माणसानं हजारो वर्षं निवडून निवडून काही गवतांचं बी मोठं केलं आणि त्याला धान्य म्हटलं; बाकीचं ढोरांसाठी राहिलं. गवताचा वाढीचा कोंब खाली, जमिनीलगत असतो. म्हणून वरून ढोरानं ओरबाडलं किंवा विळ्यानं कापलं तरी ते पुन्हा फुटतं. मुळासकट खरवडलं किंवा तणनाशक फवारलं की मात्र खेळ संपतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर कुरण कसं सांभाळायचं ते निराळं शिकवावं लागत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या शेतात ज्वारी होती. कपाशीतही तुरीबरोबर ज्वारीचे तास असायचे. खळ्यावर कणसं, मागे कडब्याची गंजी, आणि पोरं धांड्याचा मऊ गाभा सोलून त्याची बंडी-बैल करत बसलेली. गावात तेव्हा पेवं बुजली होती, पण सासूबाईंनी वापरात असलेलं पेव पाहिलं होतं. दुष्काळाच्या वर्षासाठी ज्वारी जमिनीत सांभाळून ठेवायचे. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी त्यांनी खाल्ली आहे. तिचं नाव काढलं की आजही त्या तोंड फिरवतात.

ज्वारी एका दिवसात गेली नाही. 1964 साली सीएसएच-1 हा ज्वारीचा भारतातला पहिला संकरित वाण आला. आपण त्याला आणि त्यानंतरच्या सगळ्यांना ‘हायब्रीड’ म्हणूनच ओळखतो. दाणा वाढला, त्यानं त्या काळात अनेकांची पोटं भरली, ते विसरून चालणार नाही. पण ताट बुटकं झालं, कडबा कमी झाला, भाकरीची चव उतरली. लवकर तयार होणारं कणीस परतीच्या पावसात सापडलं की दाणा काळा पडायचा आणि व्यापारी हात लावायचा नाही. मग नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं. साडेतीन महिन्यांत मोकळं, दिवाळीला हातात पैसा, वर रब्बीत हरभरा. 2002 नंतर बीटी कपाशी आली. आम्हीही सोयाबीन पेरतो, त्यावर पोरांचं शिक्षण झालं, त्याला नावं ठेवणार नाही. पण सोयाबीनच्या कुटारावर ढोर दिवस काढतं, धरत नाही. शेंगांची टरफलं आणि कडक काड्या, त्यातही हार्वेस्टरनं काढलं तर निम्मं कुटार शेतात उडून जातं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, तर नुसती चुलीची. दोन पोटांचं पीक गेलं आणि एका पोटाचं आलं, ते पोटसुद्धा बाजाराचं.

सरकारचा हिशेबही दाण्यापाशीच थांबतो. 2025-26 च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये आणि सोयाबीनचा 5,328 रुपये जाहीर झाला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणीही सोयाबीनच पेरेल. पण एका बैलाला दिवसाला सहा किलो कोरडा चारा धरला तरी वर्षाला बावीस क्विंटल होतो. जोडीचा चव्वेचाळीस. तो विकत आणायचा झाला तर किती पैसे जातात, हे उन्हाळ्यात कडब्याच्या पेंड्या मोजून घेणाऱ्याला विचारा. उंच वाणाच्या ज्वारीला दाण्याच्या दुप्पट-तिप्पट वजनाचा कडबा निघतो. तो आपण खर्चात मोजतो, उत्पन्नात कधीच मोजला नाही. बैल विकले, ट्रॅक्टर आला, शेणखत संपलं, खताच्या गोण्या वाढल्या. या सगळ्याचं एक टोक त्या न मोजलेल्या कडब्यात आहे.

आता जी गोष्ट सांगायला मला जड जातं, ती सांगते.

कडबा कमी झाला तसा आमचा भार धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर आला. निंदणाला जाताना विळा न्यायचा आणि येताना धुऱ्यावरच्या गवताचा भारा डोक्यावर आणायचा, हे आपल्या गावातल्या प्रत्येक बाईनं केलं आहे. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मी असाच भारा आणला. गवत हिरवंगार होतं. शेजारच्या शेतात आदल्या संध्याकाळी तणनाशक मारताना धुराही फवारला होता, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. आमची तांबू दुसऱ्या दिवशी सकाळी उठली नाही. तोंडातून लाळ गळत होती. समोर टाकलेलं हुंगायची आणि मान वळवायची. रवंथ बंद. तिचं वासरू तेव्हा दोन महिन्यांचं. डॉक्टरसाहेब तालुक्याहून आले, सलाइन लावली. तीन दिवस मी गोठ्यातच झोपले. तांबू वाचली, पण दूध आटलं ते आटलंच. डॉक्टरांनी खात्रीनं तणनाशकच म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. आठ दिवसांनी मी त्या धुऱ्यावर गेले तर सगळं गवत पिवळं पडून झोपलेलं होतं. जे मी स्वतःच्या हातानं कापून तिच्यापुढे टाकलं होतं ते हेच, एवढं मात्र मला कळलं.

ज्यांनी फवारलं त्यांच्यावर माझा राग नाही. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, हे मला समजतं. पण शेताच्या आतलं तण मारणं वेगळं आणि धुरा जाळणं वेगळं. धुऱ्यावरच्या गवतानं माती धरून ठेवलेली असते. ते मेलं की पहिल्याच जोरदार पावसात धुरा फुटतो, मग दोन भावांत वाद होतात आणि मोजणी आणावी लागते. धुऱ्यावर तणनाशक मारायचं नाही, आणि शेतात मारलं तर त्या दिवशी ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या, एवढा ठराव ग्रामसभेनं केला तर कुणाचं काय जाईल?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाला आवतण देतो. खांदे शेकतो, हळद-लोणी लावतो आणि म्हणतो, “आज आवतण घ्या, उद्या जेवायले या.” गावात आता मोजून अकरा जोड्या राहिल्या आहेत, तरी हे आवतण चुकत नाही. यंदा आमच्या घरच्यांनी बैलाच्या कानात हे म्हटलं तेव्हा मी पाठीमागे उभी होते आणि मला एकदम भरून आलं. पुरणपोळी तर आपण एक दिवस देऊ. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आवतण देऊन त्यांच्यापुढे वाढायचं काय?

म्हणून ग्रामसभेकडे माझं मागणं आहे. चाळीस एकर ई-क्लास जमीन चराईसाठीच राहावी आणि ठरावात तिचा उल्लेख ‘गवताची जमीन’ असा व्हावा. चराईसाठी राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वळवणं ग्रामपंचायतीच्या एका ठरावाचं काम नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 प्रमाणे त्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावांच्या सामायिक जमिनी गावाच्या सामायिक वापरासाठीच राहाव्यात, अतिक्रमणं काढून त्या परत द्याव्यात, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. म्हणजे कायदा आपल्या बाजूनं आहे. आपणच आपल्या विरोधात ठराव करू नये.

पण नुसती राखूनही भागणार नाही. आज तिथे पहिल्या पावसापासून ढोरं-बकऱ्या मोकळ्या सुटतात. कोवळं गवत वर येताच खाल्लं जातं, बी धरत नाही, म्हणून चांगलं गवत हटतं आणि कुसळ वाढतं. जमिनीचे तीन भाग करावेत आणि दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवावा. बंद भागातलं गवत बी पडल्यावर विळ्यानं कापून घरी न्यावं, भारा मोजून, नाममात्र पैसे ग्रामपंचायतीत भरून. कुसळ मात्र फुलोऱ्याआधीच कापून घ्यायचं, नाहीतर ते ढोरांच्या हिरड्यांत घुसतं. हिवरे बाजारनं चराईबंदी करून, गवत कापून नेण्याची शिस्त लावून हे करून दाखवलं आहे. आपला पाऊस त्यांच्यापेक्षा जास्त आहे. बकऱ्या ज्यांच्या आहेत त्यांच्याकडे जमीन नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून उघड्या दोन भागांवर पहिला हक्क त्यांचा असावा आणि कापणीच्या भाऱ्यातही त्यांना आधी वाटा मिळावा. हे त्यांच्याशी बसून ठरवायचं आहे, त्यांच्या पाठीमागे नाही.

दुसरं मागणं ज्वारीचं, आणि ते एकट्या-दुकट्यानं होणारं नाही. गेल्या खरिपात आम्ही अर्धा एकर ज्वारी पेरली. सगळ्या शिवारात ती एकच. मग पंचक्रोशीतली पाखरं तिच्यावर, रात्री रानडुकरं तिच्यात, आणि उरलंसुरलं रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी तुडवलं. चार पायल्या दाणे घरी आले. पूर्वी शंभर एकर ज्वारी असायची तेव्हा पाखरं खाऊन खाऊन किती खाणार? प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं नुकसान यायचं आणि ते सोसायचं. ज्वारी हे शिवारभराचं पीक आहे, एका धुऱ्याच्या आतलं नाही. म्हणून माझी विनंती आहे की येत्या खरिपात वीस घरांनी एकेक एकर, तेही लागून असलेल्या शेतांत, उंच वाणाची ज्वारी पेरावी. वाण कोणता घ्यायचा ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात जाऊन विचारू. दाणा आणि कडबा दोन्ही देणारा द्या म्हणू. माळे चार बांधू, राखणीची पाळी लावू. गावात कडबा कुट्टीचं एक यंत्र सामायिक घेऊ, कारण आख्खी पेंडी टाकली की ढोर पानं खातं आणि धांडे पायाखाली घालतं.

एक सावधगिरीची गोष्ट, नव्यानं पेरणाऱ्या पोरांसाठी. निसवण्याआधीची, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधीची कोवळी ज्वारी, पावसाची ताण बसलेली ज्वारी किंवा कापल्यावर फुटलेले फुटवे ढोराला टाकू नका. किराळ लागते. कोवळ्या ताटात सायनाइड तयार करणारं विष असतं आणि ढोर तासाभरात दगावू शकतं. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक डॉक्टरांना फोन करा. जुन्या माणसांना हे माहीत होतं. ज्वारीसोबत ते ज्ञानही गेलं.

दाण्याची चिंता करू नका. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं केलं, आणि शहरात ज्वारीचं पीठ गव्हाच्या पिठापेक्षा महाग विकलं जातं. आमचा बचत गट धापोडे, म्हणजे ज्वारीचे पापड करतो, त्यासाठी आम्ही ज्वारी दुकानातून विकत आणतो, वऱ्हाडात राहून! गावची ज्वारी मिळाली तर पहिलं पोतं आम्हीच घेऊ. आणि घरात खायला कण्या होतील, आंबील होईल, हुरडा होईल. माझ्या सुनेला भाकर थापता येत नव्हती. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी कडकडीत लागतं आणि पीठ ताजं लागतं, हे तिला दाखवलं. आता तिची भाकर तव्यावर टम्म फुगते. पहिली भाकर ती गायीला देते, न सांगता.

विषय क्रमांक चार आला की मी उठून बोलणार आहे. त्या दिवशी सकाळी ई-क्लासवरून पाच गवतांच्या पाच जुड्या कापून आणते आणि पंचायतीच्या टेबलावर ठेवते. सासूबाईंना रिक्षानं घेऊन येईन. तुमच्यापैकी ज्यांना त्या जुड्यांची नावं ओळखता येतील त्यांनी ती मोठ्यानं सांगावीत, ज्यांना येणार नाहीत त्यांनी सासूबाईंना विचारावीत, आणि ग्रामसेवक साहेबांनी ती पाचही नावं इतिवृत्तात लिहून घ्यावीत. ‘पडीक’ शब्द खोडून त्या जागी.

आपली,
याच गावची एक शेतकरी बाई